हिरव्या पाण्यातले नऊ मासे

कडुलिंबाचा मोहोर हौदात पडायला लागला की माझ्यापुरता उन्हाळा सुरू होतो. ती पांढरी बारीक फुलं पाण्यावर साय धरल्यासारखी पसरतात. खालून एखादं नारंगी तोंड वर येतं, एक फूल आत घेतं, घोळवून बघतं आणि थुंकून टाकतं. मग शेजारचं फूल घेतं. तेही थुंकतं. पहिलं कडू निघालं म्हणजे दुसरंही कडूच असणार, एवढा निष्कर्ष माशाला काढता येत नाही. रोज सकाळी सहा चाळीसला मी काठीला बांधलेल्या चहाच्या जुन्या गाळणीनं ती साय काढतो, मासे मोजतो आणि मुलीला फोनवर आकडा पाठवतो. सध्या चौदा.

हौद आमच्या अंबडच्या घरामागे, परसात आहे. घर बांधताना विटा भिजवायला बांधला होता, नंतर पाडायचा राहून गेला. आतून सहा फूट लांब, चार फूट रुंद, दोन फूट खोल. काठाखाली चार बोटं सोडून भरला तर त्यात अकराशे एकोणनव्वद लिटर पाणी बसतं. शेजारचे अंकुशराव एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत आणि बराच वेळ आमच्या सामाईक भिंतीवर कोपरं टेकून असतात. ते म्हणतात, "अकराशे नव्वद म्हना की दत्ताराव. एका लिटरनं काय हौद फुटून राह्यला का?"

"एकोणनव्वद आहे तर एकोणनव्वदच."

"तुम्ही कंडक्टर पाह्यजे होते. डेपोनं तुमची आरती केली असती."

याला माझा पेशा कारणीभूत आहे. जालन्याच्या एका बियाणं कंपनीच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं उगवण मोजतो. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळून ठेवायचे, ठरल्या दिवशी उघडायचे आणि किती उगवले ते लिहायचं. असं चार वेळा. सत्त्याऐंशी उगवले तर सत्त्याऐंशी. नव्वद असते तर बरं झालं असतं, असं समोरच्याला कितीही वाटलं, तरी सत्त्याऐंशीच. आमच्या तक्त्यात 'अंदाजे' असा रकाना नाही. घरात मात्र सगळं अंदाजानंच चालतं. आई मीठ अंदाजानं टाकते, बायको सुनंदा घड्याळ पाच मिनिटं पुढं ठेवते आणि मग अंदाजानं पाच मिनिटं उशिरा निघते. घरात मोजण्यासारखं असं काही माझ्या वाट्याला आलं, ते मासे आल्यावर.

अंबडमध्ये उन्हाळ्यात मासे पाळणं ही तशी लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. "माणसांना आठ दिवसाआड आन् तुमच्या माशांना चोवीस तास," हे अंकुशरावांचं वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते बोलले नाहीत तर चुकल्यासारखं होतं. चैत्रात हौदाचं पाणी रोज एक सेंटिमीटर उतरतं, म्हणजे बावीस लिटर पाणी नुसतं ऊन पिऊन जातं. मी हिशेब दाखवून सांगतो, की हौदातून आठवड्याला काढलेल्या आठ बादल्या कढीपत्त्याला आणि लिंबोणीला जातात, धुण्याचं शेवटचं पाणी झाडांना वेगळं काढायची त्यामुळे गरज पडत नाही, त्यामुळे... इथपर्यंत आलो की ऐकणारा उठून गेलेला असतो.

पण मला सांगायचाय तो उन्हाळा चार वर्षांपूर्वीचा.

तेव्हा मासे नऊ होते आणि ते मुक्ताचे होते. मुक्ता म्हणजे आमची मुलगी, तेव्हा नुकतीच बारावीचे पेपर देऊन मोकळी झालेली. मोकळी म्हणजे एका परीक्षेतून दुसरीत. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीला दीड महिना संभाजीनगरला राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी तिनं मला हौदावर नेलं आणि एकेक मासा बोटानं दाखवून ताब्यात दिला. नावं ठेवायचा तिचा प्रयत्न होता, पण माझ्या सोयीसाठी तिनं नंबर मान्य केले. सात नंबरची शेपटी पांढरी होती, बाकी अंग लाल. तो आईचा लाडका. पदर हलला की तो काठाशी यायचा.

बसमध्ये बसल्यावर मुक्तानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाबा, रोज सकाळी आकडा पाठवायचा. अभ्यासाला बसायच्या आधी मी बघणार. नऊ म्हणजे नऊ."

"नऊ असले तर नऊ," मी म्हणालो.

"असले तर काय? असणारच," सुनंदा मागून म्हणाली आणि माझ्या पाठीत बोट खुपसलं.

पहिले बारा दिवस आकडा नऊ होता. पाणी इतकं स्वच्छ, की तळाशी पडलेलं लिंबाचं पान कोणत्या बाजूनं पडलंय ते सांगता यावं. स्वच्छता मोजायची माझी एक पद्धत आहे. पांढरी चिनी मातीची बशी दोरीला बांधून पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की दोरी किती बोटं भिजली ते बघायचं. तेव्हा बशी तळापर्यंत दिसायची, म्हणजे अठ्ठावीस बोटं. मुक्ता फोनवर सांगायची, की तिकडे खोलीत चार मुली, पंखा एक, आणि रोज सराव-परीक्षा. सकाळी तुमचा नऊ आला की बरं वाटतं, घर जागेवर आहे असं वाटतं. एका आकड्यानं एवढं काम केल्याचं मी प्रयोगशाळेत कधी पाहिलं नव्हतं.

मग पाडवा आला. आम्ही गुढी उभारली, लिंबाची कोवळी पानं चावून तोंडं वाकडी केली, पुरणाची पोळी जेवून दुपारी झोपलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा चाळीसला हौदावर गेलो तर पाणी डाळ धुतल्यासारखं. बशी अकरा बोटांवर दिसेनाशी झाली. मासे खाली कुठेतरी फिरत होते. एक पाठ दिसे, एक कल्ला दिसे आणि जाई. मी वाकून वास घेतला. पाण्याला वेलदोड्याचा वास येत होता. हे नोंदवावं की नाही असा प्रश्न मला पडला. हौदाच्या पाण्याला वेलदोड्याचा वास येतो असं शहाण्या माणसाला लिहिता येत नाही, म्हणून मी ते सोडून दिलं.

"आई, काल हौदात काही पडलं का?"

आई माठ घासत होती. तिनं मान वर केली नाही. "वारं सुटलं होतं. धूळ उडून राह्यली होती सगळीकडं."

मी मुक्ताला लिहिलं, 'दिसले ३. न दिसलेले ६. पाणी गढूळ.'

लगेच उत्तर आलं, 'पण नऊच ना?'

मी ऑफिसच्या बसमध्ये उभा होतो. फोन हातात धरून वाटेवरच्या शिरनेरपर्यंत विचार केला. मग लिहिलं, 'बहुतेक.' पाठवल्यावर माझे कान गरम झाले.

पुढच्या आठवड्यात गढूळपणा खाली बसला आणि पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी हरभऱ्याच्या पानाचं हिरवं, मग पालकाच्या भाजीचं. बशी चार बोटांवर गायब. संध्याकाळी उन्हं तिरकी झाली की पाणी सुंदर दिसे, हे मी नाकारत नाही. काठाशी बसलं की मातीचा, ओल्या शेवाळाचा वास येई, मध्येच एक लाल पाठ वर येऊन फिरे आणि गोल गोल वलयं सोडून जाई. दुसरा कुणी असता तर यावर त्यानं काही तरी सुचल्याचं सांगितलं असतं. मला एवढंच सुचत होतं, की हा तीन नंबर होता की पाच, आणि एकच दोनदा वर आला की दोन एकेकदा.

मुक्ताचा फोन आला. आवाज पातळ होता. "बाबा, तुम्ही 'दिसले चार' पाठवलं की मी दिवसभर बाकीचे पाच मोजते. काल केमिस्ट्रीच्या पेपरात तेच चालू होतं डोक्यात."

सुनंदा फोन ठेवल्यावर म्हणाली, "लिहा की नऊ. तुमचं काय जातंय?"

"मोजले नाहीत तर कसं लिहू?"

"बिलकुल खोटं न्हाई ते. नऊ होतेच ना?"

"होते. आहेत का, ते माहीत नाही."

तिनं कपाळाला हात लावला. पाणी स्वच्छ करणं एवढा एकच प्रामाणिक मार्ग माझ्यापुढे राहिला. परीक्षेला अठ्ठावीस दिवस होते.

जालन्यात मासे विकणारे रफिकभाई आहेत. मुक्तानं ते नऊ त्यांच्याकडूनच आणलेले. मी त्यांच्यापुढे वही उघडली. लांबी, रुंदी, खोली, लिटर, बशी. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, हे सगळं बराबर हाये. खायला कोण घालतं?"

"मी. सकाळी एक चिमूट."

"आन् बाकीचे?"

"बाकीचं कुणी नाही."

रफिकभाई हसले. "सर, मछली भुकेनं मरताना मी आजपर्यंत पाह्यली न्हाई. खाऊन मरताना रोज पाहून राह्यलो. दोन मिनिटात खातील तेवढंच टाका. हौदावर दोन हिस्से सावली करा, एक हिस्सा ऊन. आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदला, पन नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मंग टाका, त्यातल्या दवाईचा वास जाऊ द्या. आन् घरात विचारा जरा, खायला कोण कोण घालतं. जल्दी करू नका. आपोआप साफ होईल."

मी घरी येऊन विचारलं. तपासणीचा निकाल असा: आई सकाळी नैवेद्याच्या भातातली एक चिमूट टाकत होती. सुनंदा शाळेत शिकवायला जाण्याआधी भाकरीची एक चिमूट. अंकुशराव भिंतीवरून मुरमुऱ्यांची एक चिमूट, आणि त्यांची बायको, त्यांना न सांगता, आणखी एक. माझी धरून पाच. प्रत्येकाची एकच. प्रत्येकजण मला शपथेवर सांगत होता, की एकच.

"अहो, ते वर येऊन तोंड उघडतात," सुनंदा म्हणाली. "तोंड उघडलेल्याला तसंच कसं सोडायचं?"

हेच आमच्याकडचं दुखणं. दारात आलेल्याला जेवलास का विचारायचं आणि तो हो म्हणाला तरी वाढायचं, असं जिथं चालतं, तिथं दिवसभर तोंड उघडझाप करणारा प्राणी पाळणं धोक्याचंच. मी हौदावर पाटी लावली: 'माशांना खायला घालू नये. ते जेवलेले आहेत.' अंकुशरावांनी ती मोठ्यानं वाचली. "गाडीत लिहिल्यासारखं वाटून राह्यलं," ते म्हणाले, "आता खाली 'हुकुमावरून' लिहा."

हिरवी शेडनेटची जाळी आणली. हौदाच्या सहा फूट लांबीपैकी चार फुटांवर ती ताणून बांधली, दोन फूट ऊन ठेवलं. बरोबर दोन हिस्से, एक हिस्सा. आठवड्याला एकशे एकोणीस लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या आठ बादल्या, आठवी एक तांब्या कमी. नवीन पाणी पिंपात दिवसभर उघडं ठेवून मगच. आणि आठवड्यातून एक दिवस माशांना उपास, असं मी जाहीर केलं.

उपासाला आईचा विरोध होता. मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं तर निदान वार तरी बघून, असं तिचं म्हणणं. तडजोड होऊन एकादशी ठरली. एकादशीच्या दिवशी संध्याकाळी मी जाळी उचलली तर काठाशी चार फुगलेले साबुदाणे तरंगत होते.

"आई! आज उपास आहे ना त्यांचा?"

"मंग मी भात टाकला का?" आई म्हणाली. "साबुदाणा चालतो की उपासाला."

अंकुशराव भिंतीवरून म्हणाले, "शेंगदाण्याचा कूट न्हाई टाकला का माय? कोरडी खिचडी उतरत न्हाई घशाखाली."

आता हे आठवून हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. खाणं आटोक्यात, सावली हिशेबात, पाणी नेमानं, आणि तरी बशी चार बोटांवरच. रफिकभाईंना फोन केला तर ते म्हणाले, "असं होऊच शकत न्हाई, सर. सावली आहे ना?" मी म्हणालो, आहे. रोज सकाळी आठ वीसच्या बसला जाताना होती, संध्याकाळी सव्वासहाला आलो की होती. मी प्रयोगशाळेत ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडायचो आणि डोक्यात हौद असायचा. दुपारी जालन्याच्या रस्त्यावर डांबर बुटाला चिकटे, कॅन्टीनच्या ताकात बर्फाचा खडा वाजे आणि मला वाटे, हा उन्हाळाच सगळा गढूळ आहे, याच्या तळाशी काय आहे ते काही केल्या दिसत नाही. असं मला एरवी वाटत नाही. झोप कमी झाल्याचा परिणाम असावा.

परीक्षेला दहा दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं, हौद रिकामाच करायचा. घासून, धुऊन, ताजं पाणी भरून, मासे मोजून आत सोडायचे आणि एक खरा आकडा मुक्ताला पाठवायचा. नळाचा दिवस गुरुवार होता. अर्धी रजा टाकली.

नळ येण्याच्या दिवशी आमच्या गल्लीत काय होतं ते सांगायला हवं. "आलं! आलं!" अशी कुठून तरी आरोळी उठते आणि घराघरांतून भांड्यांचा आवाज सुरू होतो. मग प्रत्येक घरातली मोठी बाई पहिलं काम करते ते जुनं पाणी फेकायचं. आठ दिवस जपून, झाकून, तांब्यातांब्यानं वापरलेलं, बिलकुल चांगलं पाणी ताजं आलं त्या क्षणी शिळं होतं. माठ उपडे, कळशा उपड्या, अंगणातून ओघळ. आई यात सगळ्यांच्या पुढे. मी कितीदा सांगितलं, की पाणी शिळं होत नाही. आठवड्याला तू एकोणतीस लिटर फेकतेस. ती म्हणते, "तुला शिळं पाजलं असतं तर तुझी एवढी बुद्धी चालली असती का?"

तर त्या गुरुवारी मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात बादली घेऊन हौदावर गेलो. आई काठावर बसलेली. पदर कमरेला खोचून, पाय पसरून, हौद जणू तिच्याच मालकीचा.

"सरक गं आई. पाणी उपसायचंय."

"कशाला?"

"हिरवं झालंय."

"झालं तर झालं. हिरवं काय वाईट असतं का? शेत न्हाई का हिरवं?"

"अगं, महिन्याचं पाणी आहे. तू आठ दिवसांचं माणसांना देत नाहीस."

"माणसांची गोष्ट येगळी," आई म्हणाली. "माशांना शिळंच मानवतं."

माझ्या हातातली बादली खाली आली. सत्तावन्न वर्षं शिळं पाणी फेकत आलेली ही बाई हौदाच्या काठावर बसून शिळ्या पाण्याची बाजू घेत होती. मला वाटलं, वयाचं असेल. मी मुद्दाम तिच्यासमोर रफिकभाईंना फोन लावला, म्हणजे तिला पटावं.

"या अल्ला, सर, रिकामा करू नका!" रफिकभाई ओरडले. "ताजं नळाचं पाणी एकदम भरलं तर संध्याकाळपर्यंत एक बी न्हाई राहणार. अम्मा बराबर बोलून राह्यल्या. त्यांचं ऐका."

आईनं ऐकलं. ती उठली, पदर सोडला आणि माठ उपडे करायला घरात गेली. मी दुमडलेली पँट सरळ केली.

त्या दिवसापासून मी मुक्ताला एकच ओळ पाठवत राहिलो, 'पाणी हिरवं आहे. मासे वर येऊन खातात.' दोन्ही खरं होतं. आकडा नव्हता. तिनंही विचारायचं सोडलं. आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे: ठरल्या दिवशी न उगवलेला प्रत्येक दाणा मेलेला धरायचा नाही. काही दाणे टणक असतात, पाणी आत घेत नाहीत, पण जिवंत असतात. त्यांचा रकाना वेगळा. मी स्वतःला सांगायचो, दिसत नाहीत ते टणकाच्या रकान्यात आहेत.

परीक्षा रविवारी झाली. मुक्ता तिकडेच मावशीकडे आठ दिवस राहायला गेली. आणि मग, मी नव्यानं काहीही केलेलं नसताना, हौद निवळायला लागला. मंगळवारी बशी सात बोटं. गुरुवारी बारा. शनिवारी वीस. मी वहीत लिहीत होतो आणि मला कारण सापडत नव्हतं. सोमवारी सकाळी अठ्ठावीस. तळाशी लिंबाचं पान उताणं पडलेलं दिसलं.

मी मोजले. आठ. नियमानं तीनदा मोजले. आठ, आठ, आठ. सरासरी आठ. पांढरी शेपटी कुठेही नव्हती.

मी रजा टाकली होती. दुपारच्या बसनं मुक्ता आली. खांद्यावरची बॅग न उतरवता थेट परसात. आम्ही सगळे तिच्या मागे. आमच्याकडे काही बघण्यासारखं असलं की अंकुशराव भिंतीवर असतातच. ती वाकली, ओठ हलले. मी दुसरीकडे बघत होतो. प्रयोगशाळेत माझा आकडा वाईट आला म्हणून कुणी रडल्याचं मला आठवत नाही, पण तो आकडा कुणाच्या तरी हवाली केलेला नसतो.

"आठ," मुक्ता म्हणाली.

"सात नंबर गेला," आई म्हणाली. "पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीच गेल्ता. दत्ता आफिसला गेल्यावर वर आला. कढीपत्त्याखाली पुरला मी त्याला."

मग मीच विचारलं, "कशानं गेला?"

आईनं पदर सारखा केला. "सण होता. घरात सगळ्यांनी पुरण खाल्लं. मंग त्यांनीच काय पाप केल्तं? एक गोळी टाकली. लिंबाएवढी."

वेलदोडा. मी वहीत लिहिलं नव्हतं.

"अगं, पण मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू पोरीला काय लिहिलं असतंस?"

"आठ."

"मंग?" आई म्हणाली. "तिची परीक्षा. आन् तुला खोटं लिहिता येत न्हाई, हे मला तू बोबडा बोलत होतास तवापासून म्हाईत हाये. मंग मी पाणीच हिरवं राहू दिलं. तू गेलास की जाळी काढायची, तू यायच्या आधी बांधायची. पेपर झाला त्या दिवशी बंद केलं. पाणी हिरवं होतं तोवर नऊच होते की."

अंकुशराव भिंतीवरून म्हणाले, "म्हंजे ते औषध न्हवतं व्हय? मी रोज पाहून राह्यलो, माय दहाला जाळी काढती, पाचला बांधती. मला वाटलं, दत्तारावांनीच टाइम ठरवून दिला आसंल."

मुक्ता काठावर बसली होती. खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय, म्हणून जवळ गेलो. ती हसत होती, आणि डोळेही पुसत होती. "आजी," तिनं विचारलं, "आणि तो साबुदाणा?"

"तो खरंच उपासाचा होता," आई म्हणाली.

सुनंदाला यातलं किती माहीत होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

मुक्ता त्या परीक्षेत बसली, पण मेडिकलला लागली नाही. नर्सिंगला गेली आणि तिथं खूश आहे. आठांपैकी कुणी तरी पुढच्या वर्षी अंडी घातली, त्यातली काही बाकीच्यांनी खाल्ली, उरलेली वाढली. आता चौदा. हौदाची रीत मला पुरती समजली आहे, कुणाला हवी असेल तर सांगतो: थोडं खाऊ घाला, दोन हिस्से सावली, दहावा हिस्सा पाणी, घाई नको. एवढ्यावर पाणी काचेसारखं राहतं.

इथपर्यंत गेल्या रविवारी लिहिलं होतं. आज सकाळी गाळणी घेऊन गेलो तर पाणी हरभऱ्याच्या पानासारखं दिसलं. बशी नऊ बोटं. जाळी हौदावर नव्हती. कढीपत्त्याखालची माती उकरलेली, ओली, आणि वर अर्धी वीट. आई ओट्यावर कुरडया उलटवत होती. पंच्याहत्तरी झाली तरी कुरडया तीच उलटवते.

"जाळी धुवायला काढली रे," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "लई धूळ बसली होती."

मुक्ताची शेवटच्या वर्षाची परीक्षा परवा सुरू होते. माती किती इंच उकरली आहे ते मोजलं नाही. मग मुलीला लिहिलं, 'पाणी हिरवं आहे.'

उत्तर यायला चार मिनिटं लागली. 'आजीला सांगा, शेवटचा पेपर बावीसला आहे. तोवर राहू द्या.'

जाळी नळाखाली बादलीत पडली होती. मी ती खळबळून, पिळून दोरीवर वाळत घातली. या दिवसांत आमच्या परसात ओली जाळी अकरा मिनिटांत वाळते, मी मोजलेलं आहे. ही बावीस तारखेपर्यंत वाळणार नाही.